बशीतला सज्जन

आमच्या वन्संना कोणी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?" तर त्या सांगतात, "दारं बघते." समोरच्याला वाटतं, बाईंचं सुतारकामाचं काहीतरी असेल. पेशीला बारीक बारीक दारं असतात, त्यांतून कॅल्शियम आत शिरतं, आणि त्याच्या शिरण्या-ओसरण्यावर हृदयाचा ठोका चालतो, हे सांगायला गेलं की दुसऱ्या वाक्यालाच माणसं चहाच्या कपात बघायला लागतात. हे त्यांनी इतक्यांदा अनुभवलंय की आता त्या दारांवरच थांबतात.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. नखं मुळापासून कापलेली, हात बारा महिने गार, आणि अंगाला स्पिरिटचा वास. जेवायला बोलवावं तर ताट हातात घेऊन उभ्याच. "बसा की वन्सं," म्हटलं की म्हणणार, "नको, त्यांना खायला घालायचंय." त्यांना म्हणजे पेशींना. पेशींना सुट्टीचा वार कळत नाही. माझी मुलगी लहान होती तेव्हा तिला वाटायचं, आत्याकडे कोंबड्या आहेत.

त्यांच्या प्रयोगशाळेत एका विचित्र दुखण्यावर काम चालतं. त्या दुखण्याचा माणूस एरवी धडधाकट असतो. पण धावला, पोहला, दचकला, की हृदयाचा ताल सुटतो, आणि कधी कधी माणूस जागच्या जागी जातो. वन्संनी मला ते माझ्या भाषेत समजावलं होतं. पेशीच्या अंगावर घंटीची बटणं असतात. भीती वाटली की रक्तात अॅड्रिनलिन उतरतं आणि ते बटण दाबतं. आत निरोप जातो, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि शेवटी कॅल्शियमच्या कोठाराचं दार जरा सैल होतं. ठोका जोरात पडतो. काही माणसांचं ते कोठाराचं दारच कच्चं असतं. एरवी नीट बंद. घंटी जोरात वाजली की मात्र लागता लागत नाही. कॅल्शियम गळत राहतं आणि न बोलावलेले ठोके पडायला लागतात.

अशा रुग्णांच्या कातडीचा कण घ्यायचा, त्यातल्या पेशींना आपण कातडी आहोत हे विसरायला लावायचं, आणि मग हळूहळू हृदय व्हायला शिकवायचं. महिना-दीड महिन्यात काचेच्या बशीत त्या आपल्या आपण धडधडायला लागतात. पण रुग्णाचं बिघडलेलं कशाशी ताडून बघणार? त्यासाठी एक निरोगी माणूस हवा. आणि निरोगी माणूस हवा म्हटलं की अशा ठिकाणी लोक आधी घरात बघतात.

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतात. दातांशिवाय कशासाठी डॉक्टरची पायरी चढलेले नाहीत. बहिणीनं हात पुढे कर म्हटलं, यांनी केला. मसुरीएवढी कातडी गेली, त्यावर यांनी आठवडाभर मानाचा चहा उकळला. कागदावर फक्त एक आकडा होता. तो आकडा कोणाचा, हे वन्संशिवाय प्रयोगशाळेत कोणाला माहीत नव्हतं. पण त्या पेशी इतक्या शहाण्यासारख्या, इतक्या एका तालात चालायच्या, की तिथल्या मुलींनी त्यांचं नाव पाडलं, सज्जन.

"घ्या," मी म्हटलं, "माझ्या वाट्याला आलेला वेगळा, आणि बशीत गेलेला वेगळा."

"चांगला भाग आधीच काढून नेला तिनं," हे म्हणाले. "तुला उरलेलं मिळालं."

एकदा बाहेरच्यांना बघायला बोलावतात तशा दिवशी आम्ही दोघं गेलो होतो. सूक्ष्मदर्शकाची खोली भर दुपारीही काळोखी ठेवतात, कारण कॅल्शियम वाढलं की चमकणारा जो रंग पेशींत घालतात तो उजेडानं मरतो. खोलीला खिडकी नाही. दाराला काळा पडदा. वन्संनी मला स्टुलावर बसवलं आणि कानात म्हणाल्या, "बघ."

आत हिरवट अंधार होता. त्या अंधारातून उजेडाची एक लाट या टोकापासून त्या टोकाला गेली आणि विझली. मग काहीच नाही. मग पुन्हा. सगळं निःशब्द. मी लग्नानंतर इतकी वर्षं त्या छातीवर डोकं ठेवून झोपले होते, आणि तीच छाती माझ्या डोळ्याखाली, बशीत, तोंडाशिवाय नि नावाशिवाय चालली होती. माझ्या पाठीमागे हे छत्री घेऊन उभे होते आणि तिथल्या एका मुलीला विचारत होते, इथं स्वच्छतागृह कुठे आहे. मी हळूच मागे हात नेऊन त्यांचं मनगट धरलं. मनगटातला ठोका आणि बशीतली लाट जुळत नव्हती. तेव्हा बरं वाटलं. का, ते सांगता यायचं नाही.

त्यानंतर सज्जन मोठा झाला. त्याच्या पेशी वाढवल्या, गोठवल्या, पुन्हा जाग्या केल्या. एकेका रुग्णाच्या पेशी त्याच्याशेजारी ठेवून बघितल्या जात. औषध घातल्यावर रुग्णाच्या बशीत वेड्यावाकड्या ठिणग्या उडायच्या आणि सज्जन आपला जरा भरभर, पण सरळ चालायचा. यावर वन्संचे निबंध छापून आले, परदेशातले लोक पत्रं लिहू लागले.

त्यांच्याकडे एक रीत होती. अॅड्रिनलिनसारखं काम करणारं ते औषध सकाळी ताजं करायचं आणि दिवसभर वापरायचं. रुग्णांच्या पेशी नाजूक, त्यांना आधी बसवायचं. सज्जन सोशिक, त्याला सगळ्यात शेवटी. घरोघरी समजूतदार पोराला शेवटी वाढतात, तसंच. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण पुढे तीच पद्धत पडून गेली.

मग एक दिवस दुपारी सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला जाणार होता. सगळ्या बश्या होणार नाहीत, तर निदान सज्जनाचं उरकून घेऊ, म्हणून वन्संनी त्याला सकाळीच बसवलं. औषध नुकतंच केलेलं. खोलीत एकट्या होत्या. दोन थेंब सोडले आणि डोळा लावला.

लाट गेली. विझली. आणि मधल्या काळोखात, जिथे काहीच असायला नको, तिथे एक ठिणगी उमटली. मग दुसरीकडे एक. मग दुधाला उकळी फुटण्याआधी साय थरथरते तशी सगळी बशीच थरथरायला लागली. लाट कुठून निघाली आणि कुठे गेली ते कळेना.

त्यांना वाटलं, बशीला धक्का लागला असेल. दुसरी घेतली. तेच. औषध पुन्हा नव्यानं केलं. तेच. दुरुस्तीवाला दारात येऊन उभा राहिला, त्याला त्यांनी परत पाठवलं. दुपार सरताना सकाळच्याच नळीतलं औषध घालून पाहिलं, तर सज्जन सज्जनासारखा चालला. तेव्हा त्यांनी ती नळी पांढऱ्या कागदावर धरली. औषधाला फिकट गुलाबी झाक आली होती. उजेडात, हवेत, दिवसभर उघडं राहून ते मरत आलं होतं. त्या ठिकाणी पेशींचं खाणंच गुलाबी असतं, त्यामुळे गुलाबी रंगाकडे संशयानं बघायची कोणाला सवयच नव्हती. रुग्णांना जिवंत औषध मिळत होतं आणि सज्जनाला वर्षानुवर्षं मेलेलं.

"आवाज नसतो ना तिथं," त्या पुढे मला म्हणाल्या. "एवढं सगळं कोसळत होतं आणि खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती."

त्याच सकाळी त्यांनी ऑफिसात यांना फोन केला होता, ते मला यांनीच जेवताना सांगितलं. "ताईचं काय बिनसलंय? मला विचारते, कसा आहेस. म्हटलं, बरा आहे. तर म्हणे, फोन वाजला तेव्हा दचकलास का? आणि ठेवूनच दिला."

मी हसले. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. वन्संना मात्र सगळं कळून चुकलं होतं. आपला भाऊ त्या दुखण्याचा माणूस आहे. तो कुठल्याही घटकेला जाऊ शकतो. आणि हे त्याला सांगावं, तर सांगण्याच्या धक्क्यानेच जाऊ शकतो.

त्यात यांनी त्याच वर्षी पोहणं शिकायला घेतलं होतं.

याची गोष्ट जुनी आहे. माझे सासरे पट्टीचे पोहणारे होते. गावाबाहेर तलाव होता. वन्सं आणि हे लहान असताना एका दुपारी ते दोघांना काठावर बसवून पाण्यात उतरले. वारा नव्हता, पाणी काचेसारखं. ते मध्यापर्यंत गेले, परतायला वळले, उताणे होऊन जरा तरंगल्यासारखे दिसले. आणि मग पाण्यावर कोणी नव्हतं. हात वर आला नाही, हाक आली नाही, खळबळ झाली नाही. पोरांना वाटलं, श्वास धरून गंमत करताहेत. दोघं किती तरी वेळ काठावर हसत बसली होती. पुढे लोक म्हणत, पाण्यानं नेलं. कोणी म्हणे, खाली काहीतरी आहे, ते पाय धरतं. सासूबाईंनी त्यानंतर मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. यांना गावभरचे नळ तोंडपाठ, पण गुडघाभर पाणी माहीत नाही. सासूबाई गेल्यावर एक दिवस हे म्हणाले, "आता कोणाला जपायचं आहे?" आणि पोहण्याच्या तलावाचं कार्ड काढून आणलं.

फोननंतर वन्सं आमच्याकडे जास्त यायला लागल्या. एरवी पंधरा दिवसांत तोंड न दाखवणारी बाई रोज संध्याकाळी हजर. आणि घरात काहीतरी व्हायला लागलं.

आधी दाराची घंटी बंद पडली. मी म्हटलं, तारेचं काही असेल. मग यांचं गजराचं घड्याळ सापडेना. किटलीची शिट्टी वाजेनाशी झाली. बघते तर तोंडावरची टोपीच नाही. एका सकाळी लक्षात आलं, की कपाटांची दारं करकरत नाहीत. कोणीतरी बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. भांड्यांच्या फडताळात झाकणांच्या मधे मधे फडकी घातलेली. मी ती काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. आपलंच घर, पण त्यात वावरताना चोरासारखं वाटायला लागलं. काही आपटलं तरी आवाज यायचा नाही. मी मुद्दाम एकदा चमचा टाकून पाहिला. ओट्याखाली जाड सतरंजी कधी आली होती देव जाणे.

आमच्या कन्येला दाराआडून "भो" करायची खोड आहे. कॉलेजात गेली तरी गेलेली नाही. एक दिवस ती पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली. "आई, आत्याला काय झालंय? मी बाबांना दचकवायला पडद्यामागे उभी होते, तर पडद्यामागे ती आधीच उभी होती."

"काय करत होती?"

"काही नाही. बाबांकडे बघत होती. माझा दंड धरला आणि म्हणाली, याला दचकवायचं नाही, कधीच नाही. हात किती गार आहे गं तिचा. सोडतच नव्हती."

मग मीही बघायला लागले. जेवताना वन्संची नजर यांच्या ताटावर नसायची, तोंडावर नसायची. ती असायची मानेवर, कानाच्या खाली, जिथे शीर उडते तिथे. त्यांचे ओठ हलायचे. त्या ठोके मोजत होत्या. हे मोठ्यानं हसले की त्यांच्या हातातला घास थांबायचा.

"अगं ताई, माझ्या मानेला डाग पडलाय का?" यांनी विचारलंच शेवटी.

"नाही रे. खा तू. सावकाश खा."

मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. एवढी वर्षं काळोख्या खोलीत एकटीनं बसल्यावर होणार नाही तर काय. शेजारीण म्हणाली, "बाहेरचं काही असेल." तिला मी झटकून टाकलं, पण संध्याकाळ झाली की दाराकडे डोळे लागायचे. घंटी तर नव्हतीच. त्या कधी आत आल्या हे कळायचंच नाही. ओट्याशी उभी असताना मागे वळावं तर त्या उभ्या.

एका रविवारी हे पोहायला गेले आणि टॉवेल घरीच राहिला. मी तो घेऊन गेले. बंदिस्त तलाव, वर काचेचं छप्पर, आत औषधाचा वास आणि पोरांच्या ओरडण्याचे घुमणारे आवाज. बाकांवर आया बसल्या होत्या, मांडीवर टॉवेल घेऊन. त्यांच्या पलीकडे, खोल पाण्याच्या कडेला, आमच्या वन्सं उभ्या होत्या. अंगात कामाचेच कपडे. पायातले बूट काढून नीट जोडीनं ठेवलेले. पाण्यात हे उताणे होऊन तरंगायला शिकत होते. डोळे मिटलेले, कान पाण्याखाली. आणि वन्सं एक पाऊल काठाच्या पुढे काढून, अंग किंचित वाकवून, त्यांच्याकडे बघत होत्या. आता उडी घेतील अशा.

वन्संना पोहता येत नाही.

मी जाऊन त्यांचा दंड धरला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "थांब. तो वर येऊ दे. बाबाही असेच उताणे झाले होते."

हे वर आले, टॉवेल घेतला, "अरे वा, स्वागताला दोघी," म्हणाले आणि केस पुसत निघाले. त्यांना कसलाच पत्ता नव्हता.

घरी आल्यावर हे अंघोळीला गेले आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. "वन्सं, आता सरळ सांगा. घरात काय चाललंय?"

त्यांनी सांगितलं. बशी, ठिणग्या, गुलाबी औषध, सगळं. मी खाली बसले. नळाचं पाणी वाहत होतं ते बंद करायचं सुचलं नाही.

"मग सांगत का नाही त्यांना?"

"नियम आहे. आकड्यामागचा माणूस आम्ही शोधायचा नाही, शोधला तर सांगायचं नाही. समितीची परवानगी लागते. अर्ज दिलाय. बैठक पुढच्या महिन्यात."

"समितीला पोहता येतं का?"

त्यांनी मग पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. "ही गोळी त्या बटणावर झाकण बसवते. अॅड्रिनलिन आलं तरी बटण दाबलं जात नाही. आठ-दहा दिवस रोज पोटात गेली की मग सांगता येईल. तोवर भीती नाही." त्यांनी आवाज आणखी उतरवला. "तुझ्या हातचा चहा तो न बघता पितो."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा राग आला नाही, हे खरं सांगते. ती बाई भावासाठी बुडायला निघाली होती. पण मी पाकीट त्यांच्याकडे परत सरकवलं.

"न बघता पितात ना, म्हणूनच नाही," मी म्हटलं. "आज चोरून गोळी दिली, तर उद्यापासून प्रत्येक घोटाला मीच त्यांच्याकडे बघत राहीन. तुमच्यासारखी, मानेकडे. मला तसं जगायचं नाही वन्सं. आणि त्या गोळीचं त्यांना काही झालं तर? डॉक्टरनं न तपासता?"

"आणि सांगताना झालं तर?"

"तर तुमच्या त्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई आहेत ना, ज्या तुम्हाला रुग्ण पाठवतात, त्यांना आजच चहाला बोलवा."

"समितीनं विचारलं तर?"

"सांगा, भावजयीनं बळजबरी केली."

त्या पहिल्यांदाच जरा हसल्या. डोळे पुसले, आणि हात धुतले. रडल्यावरही त्या हात धुतात.

डॉक्टरीणबाई चारच्या सुमाराला आल्या. बुटक्याशा, चेहरा अगदी शाळेतल्या बाईंसारखा. हातात एक जड पिशवी होती, ती त्यांनी खुर्चीशेजारी, पायाला लावून ठेवली. तिच्यात बंद पडलेलं हृदय झटका देऊन चालू करायचं यंत्र होतं, हे वन्संना आणि मला माहीत होतं. यांना आम्ही आरामखुर्चीत बसवलं. मी पाठीशी उशी दिली. वन्संनी पायाखाली स्टूल सरकवलं. तिथेच आमचं चुकलं.

"काय आहे?" हे सरळ होऊन म्हणाले. "चहाला बायका येतात आणि माझे पाय वर? पिशवीत काय आहे?"

"आधी टेकून बस," वन्सं म्हणाल्या.

"ताई, पिशवीत काय आहे?"

मी त्यांच्या मानेकडे बघितलं. बघणार नाही म्हटलं होतं, तरी बघितलं. कानाखालची शीर उडत होती. टक, टक, मग एक नाही, मग दोन एकदम. घरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण त्या घरात आता टाचणीही आवाज करणारी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पाऊल हलकेच पिशवीला लावलं.

वन्सं त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना माझ्या घरात खाली बसलेलं पाहिलं. यांचा हात त्यांनी हातात घेतला. "तुझ्या पेशी नीट नाहीत," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली, मला फार उशिरा दिसलं. तुझ्या हृदयाला एक खोट आहे. तिच्यावर गोळी आहे. ती घेतलीस तर माझ्यापेक्षा जास्त जगशील. आजपासून पोहायचं नाही, धावायचं नाही. बस, एवढंच सांगायचं होतं."

हे बहिणीच्या केसांकडे बघत होते. मग म्हणाले, "बाबांनाही हेच?"

"मला तसं वाटतं. सिद्ध करता येणार नाही."

"म्हणजे पाण्यात कोणी नव्हतं."

"कोणीच नव्हतं."

"मग त्यांना गुदमरलं असेल का गं? आपण हसत होतो तेव्हा?"

"नाही रे. ठोका सुटतो आणि शुद्ध जाते. दिवा मालवावा तसं. त्यांना काही कळलं नसेल."

यांनी डोळे मिटून पाठ टेकली. मला वाटलं, गेलं. डॉक्टरीणबाई अर्ध्या उठल्या. पण यांनी एक लांब श्वास सोडला. इतक्या वर्षांत झोपेतसुद्धा मी त्यांचा तसा श्वास ऐकला नव्हता. "मी रोज बघतो ते," ते म्हणाले. "त्यांचे हात पाण्याखाली हलताना. रोज." आणि मग हात पुढे केला. "द्या ती गोळी. आणि तो चहा कोणी पिणार आहे की नाही?"

डॉक्टरीणबाईंनी आधी नाडी, रक्तदाब सगळं पाहिलं, मग गोळी दिली. जाताना पिशवी उचलता उचलता वन्संना म्हणाल्या, "अशा दुखण्यात सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावं लागतं. तुम्हाला मी शिकवायला नको."

"हो, बघू," वन्सं म्हणाल्या.

त्याच आठवड्यात यांना आणि कन्येला सरकत्या पट्ट्यावर चालवून तपासलं, त्यात यांची रेघ मधेच वेडीवाकडी झाली. कन्या निर्मळ निघाली. वन्संचं "बघू" मात्र चालूच राहिलं. कामच तेवढं होतं, हेही खरं. त्यांनी विभागप्रमुखांना चूक सांगितली, छापलेले निबंध मागे घेतले, आणि सगळ्या बश्या ताज्या औषधानं पुन्हा करायला घेतल्या. समितीनं कडक शब्दांत समज दिली, ती उभ्यानं ऐकून घेतली. सज्जनाचं नाव निरोग्यांच्या कप्प्यातून काढून रुग्णांच्या कप्प्यात लावलं. जन्मभर दुसऱ्यांची हृदयं वाढवली, पण स्वतःच्या मनगटाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. मी एकदा विचारलं, "वन्सं, भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "माहीत नसलं की बशी रिकामी असते. बरं असतं."

गोळी सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर यांना पुन्हा तपासणीला बोलावलं. आम्ही तिघं गेलो. छोटी खोली, सरकता पट्टा, छातीला तारा, समोर पडदा. हे पट्ट्यावर चालायला लागले. पट्टा वेग घेत गेला. वन्सं पडद्याच्या इतक्या जवळ होत्या की त्यांच्या श्वासानं काच धुरकट व्हायची. पहिल्या खेपेला जिथे रेघ वेडीवाकडी झाली होती, तो वेग आला. रेघ दाट झाली, पण सरळ राहिली. वेग आणखी वाढला. सरळच. हे घामाघूम होऊन उतरले आणि म्हणाले, "झालो का पुन्हा सज्जन?"

"गोळीपुरता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग वन्संकडे वळून नुसत्या उभ्या राहिल्या.

यांनी पट्ट्याचा दांडा हातानं पुसला. "चल ताई. माझ्या वेळी तू काठावर उभी होतीस. आता मी आहे."

वन्संनी चष्मा काढून माझ्याकडे दिला, मग परत घेतला, कारण पडदा दिसायला हवा होता. बूट काढले. तारा लावून घेतल्या. त्यांचा पहिला ठोका पडद्यावर आला तेव्हा त्या त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशा बघत राहिल्या. पट्टा सुरू झाला. आधी काही नाही. मग वेग जरा वाढला, त्यांची पावलं भरभर पडू लागली, आणि दोन ठोक्यांच्या मधे, जिथे काहीच असायला नको, तिथे एक टोक उमटलं. मग आणखी एक. डॉक्टरीणबाईंच्या आधी त्या म्हणाल्या, "हां. तेच." आवाज अगदी शांत होता, दुसऱ्या कोणाच्या बशीबद्दल बोलावं तसा. "अजून थोडा वेग द्या, पुढे कसं होतं ते बघू."

"पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पट्टा थांबवला.

आम्ही त्यांना तारांसकट पलंगावर बसवलं. यांनी बहिणीच्या खांद्यावर पंचा टाकला आणि शेजारी टेकले. पडद्याकडे बघत मग हे म्हणाले, "बाबांनी वाटणी अगदी सारखी केली हं."

वन्संना हसू आलं. त्या हसायला लागल्या तशी रेघ पुन्हा दाटली, मधली टोकं पुन्हा उमटायला लागली, आणि डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची नजर न काढता हात वर केला.

"शांत बसा जरा," त्या म्हणाल्या. "दोघंही."